डीपीवरची कवटी आणि आपल्या आतली ओली हाडं

गावात पोरांना सांगाड्याची पहिली ओळख होते ती विजेच्या डीपीवर. लाल पाटी, तिच्यावर कवटी, खाली फुलीसारखी दोन हाडं आणि 'धोका'. पुढे शाळेत काचेच्या कपाटात लटकलेला प्लास्टिकचा सांगाडा भेटतो. दोन्हीकडे हाड पांढरं, कोरडं, मेलेलं. मग सहावीत अस्थिसंस्थेचा धडा येतो, '२०६' हा आकडा पाठ होतो, आणि हाड म्हणजे वाळलेली काडी ही समजूत डोक्यात तशीच राहते.

जिवंत माणसातलं हाड ओलं असतं. त्यातून रक्त वाहतं. ते दुखतं, वाढतं, झिजतं आणि मोडलं तर स्वतःच सांधतं. पाचवी ते सातवीच्या मुलांना एवढं एक कळलं तर बाकीचा धडा आपोआप सोपा जातो, आणि ते कळवायला विकतचा सांगाडा लागत नाही. खाली दिलेलं सामान जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्याही घरात नाहीतर खळ्यात सापडेल.

आधी बोटं, मग आकडा

सुरुवात स्वतःच्या हातापासून करायची. एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताचं एकेक बोट चाचपायचं. प्रत्येक बोटात तीन हाडं, अंगठ्यात दोन, झाली १४. तळहातात पाच, मूठ वळली की त्यांची डोकी वर येतात. मनगटात खड्यांसारखी आठ छोटी हाडं. ती वेगवेगळी हाताला लागत नाहीत, एक गठ्ठा जाणवतो. एकूण २७. पायातही तसंच: बोटांत १४, पुढच्या पावलात पाच, टाच-घोट्याच्या भागात सात. एकूण २६. आता दोन हात आणि दोन पावलं मिळवा: १०६. म्हणजे २०६ पैकी निम्म्याहून जास्त हाडं नुसत्या हातापायांच्या टोकांना आहेत. हे गणित मुलांनी स्वतः केलं की त्यांचे डोळे मोठे होतात. कारणही तेव्हाच विचारून घ्यावं. सुईत दोरा ओवायला, कापूस वेचायला बारीक हालचाल लागते आणि ढेकळांच्या रानात चालताना पावलाला जमिनीप्रमाणे वाकावं लागतं. एकाच मोठ्या हाडाच्या पावलानं ते जमलं नसतं.

मग वर सरका. कोपराचं टोक आणि करंगळीच्या बाजूचा मनगटावरचा उंचवटा ही एकाच हाडाची दोन टोकं आहेत. त्याला अल्ना म्हणतात. अंगठ्याच्या बाजूचं दुसरं हाड रेडियस. डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग हलका धरा आणि उजवा तळवा आकाशाकडे, मग जमिनीकडे करा. रेडियस अल्नावरून आडवं सरकताना हाताला जाणवतं. कुलपात चावी फिरवताना आपण हेच करतो. कोपर आपटल्यावर झिणझिणी येते तिला 'हाडाला करंट बसला' म्हणतात, पण तो करंट हाडाचा नाही. तिथे कातडीखालून जाणाऱ्या नसेचा आहे.

गळ्याखालचं आडवं हाड म्हणजे हासळी. त्याच नावाचा गळ्यातला दागिनाही असतो. दोन हासळ्यांच्या मधल्या खळग्यातून बोट सरळ खाली न्या. दोन-तीन बोटांवर छातीच्या हाडावर एक आडवी कड लागते. तिच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. बरगड्या मोजायच्या त्या इथून. पहिलीपासून मोजू गेलं की हमखास चूक होते, कारण पहिली बरगडी हासळीच्या आड लपलेली असते.

मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक टेंगूळ वर येतं, तो बहुतेकांत मानेचा सातवा मणका. नडगी म्हणजे पायाच्या मोठ्या हाडाची पुढची कड. तिच्यावर स्नायूचं पांघरूण नाही, म्हणून खाटेचा पाया नडगीला लागला की जीव जातो. घोट्यात गंमत आहे. घोटा हे वेगळं हाडच नाही. आतला उंचवटा नडगीच्या हाडाचं खालचं टोक आणि बाहेरचा उंचवटा शेजारच्या बारीक हाडाचं. बाहेरचा जरा खाली असतो, हे प्रत्येकानं स्वतःच्या पायावर बघून घ्यावं. गुडघ्याची वाटी पाय सरळ आणि ढिला ठेवला की डावीकडे-उजवीकडे सरकते. गुडघा वाकवला की घट्ट बसते. मांडीचं हाड शरीरात सगळ्यात लांब, उंचीच्या साधारण पाव हिश्शाएवढं, पण मधे कुठेही हाताला लागत नाही, इतके जाड स्नायू त्याच्यावर असतात. कमरेच्या बाजूला वरचा एक उंचवटा लागतो, नाहीतर थेट गुडघ्यालाच.

एवढं फिरून झालं की बेरीज फळ्यावर मांडावी. कवटी आणि चेहरा २२, दोन्ही कानांत मिळून ६, जिभेच्या मुळाशी १, कणा २६, बरगड्या २४, छातीचं हाड १. हा अक्षीय सांगाडा, ८०. खांद्याचे दोन जोड ४, दोन हात ६०, कमरेची २, दोन पाय ६०. हा उपांग सांगाडा, १२६. कानातलं सगळ्यात लहान हाड तांदळाच्या दाण्यापेक्षाही छोटं, सुमारे ३ मिलिमीटर.

इथे तीन गोंधळ ठरलेले आहेत. दात हाडांत मोजायचे नाहीत. ते वेगळ्या पदार्थाचे असतात आणि मोडले तर हाडासारखे सांधत नाहीत. कण्याचे मणके कुठे ३३ लिहिलेले असतात, कुठे २६. दोन्ही बरोबर: लहानपणी ३३ असतात, मोठेपणी खालचे पाच जुळून एक त्रिकोणी हाड होतं आणि शेवटचे चार जुळून शेपटाचं हाड. आणि तिसरा, बाईची एक बरगडी जास्त असते ही ऐकीव गोष्ट. बाई असो की पुरुष, बरगड्यांच्या बाराच जोड्या.

भुशाची माती

हाड दोन पदार्थांचं बनलेलं असतं. एक कॅल्शियम आणि फॉस्फरसचं खनिज, वजनानं सुमारे ६० ते ६५ टक्के. त्यानं टणकपणा येतो. दुसरा कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू, पाव हिस्सा. त्यानं चिवटपणा येतो. उरलेलं बहुतेक पाणी. फळ्यावर हे लिहिलं की मुलं वहीत उतरवतात आणि विसरतात. त्यापेक्षा धाब्याच्या घराची भिंत दाखवा. माती कालवताना तिच्यात भुसा का घालतात, हे घरातल्या आजोबांना विचारून या म्हणावं.

प्रयोग असा. गाळलेली चिकट माती घ्या, तिचे दोन भाग करा. एकात दोन मुठी गव्हाचा भुसा घाला, बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या नकोत. दोन्हींच्या १५ सेंटीमीटर लांब, ३ सेंटीमीटर रुंद, दीड सेंटीमीटर जाड पट्ट्या थापा. सावलीत तीन-चार दिवस वाळू द्या. वैशाखातल्या उन्हात ठेवल्या तर दोन्ही तडकतात आणि प्रयोग फसतो. वरची बाजू आधी आकसते, आतली ओली राहते. वाळल्यावर दोन विटांवर आडव्या ठेवून मधोमध अंगठ्यानं दाब द्या. नुसत्या मातीची पट्टी कटकन दोन तुकडे होते. भुशाची पट्टी तडकते पण काड्या तिला धरून ठेवतात. माती म्हणजे खनिज, भुसा म्हणजे कोलॅजन. स्लॅबमधलं सिमेंट आणि सळई हेही तेच नातं.

ज्या घरात मांस शिजतं तिथे खऱ्या हाडावरही बघता येतं. माळकरी घरातल्या मुलावर याची सक्ती नको. मातीच्या पट्टीनं मुद्दा पूर्ण कळतो.

कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घ्या. दहा-बारा मिनिटं साध्या पातेल्यात उकळून मांस काढा. कुकर लावू नका. जास्त दाबात शिजलं की कोलॅजन पाण्यात उतरतं (पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते यामुळेच) आणि मग हाड वाकण्याऐवजी भुसभुशीत होतं. एक हाड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडेल असं काचेच्या बरणीत ठेवा, दुसरं मिठाच्या पाण्यात. पहिल्या दिवशी झाकण घट्ट लावू नका. हाडावर बुडबुडे दिसतील, तो कार्बन डायऑक्साइड आहे. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. खनिज विरघळलं की आम्लाचा जोर संपतो, आणि न बदलता आठवडाभर ठेवून 'काहीच झालं नाही' म्हणणारे पुष्कळ असतात. पाच ते सात दिवसांनी ते हाड बाहेर काढून धुवा. रबरासारखं वाकतं. मिठाच्या पाण्यातलं तसंच कडक.

उलटा प्रयोग चुलीवर होतो, पण तो मोठ्यांनीच करायचा आणि अंगणात, कारण वास फार येतो. वाळलेलं हाड निखाऱ्यात तास-दीड तास ठेवा. आधी काळं पडतं, मग राखाडी-पांढरं. आकार तसाच राहतो. पूर्ण गार झाल्यावर बोटांनी दाबलं की चुरा. कोलॅजन जळून गेलं, नुसतं खनिज उरलं. वाकणारं हाड आणि चुरा होणारं हाड शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही एकत्र असणं म्हणजे काय हे सांगायची गरज उरत नाही.

तंगडीच्या हाडाच्या टोकाला पांढरी, गुळगुळीत, चावता येणारी टोपी असते. ती कूर्चा. दुकानातली ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, म्हणून तिच्या हाडाची टोकं अजून पूर्ण हाडाची झालेली नसतात. ही टोपी फेकू नका, पुढे लागणार आहे.

धांडा पोकळ का नाही, आणि हाड पोकळ का

ज्वारीच्या कडब्यातला एक जाड धांडा उभा चिरा. बाहेर कडक साल, आत हलका पांढरा गर. लांब हाडाचा छेदही पुष्कळसा असाच: बाहेर घट्ट हाड, टोकांच्या आत स्पंजासारखं जाळीदार हाड, मधल्या दांड्यात पोकळी आणि त्या पोकळीत मगज, म्हणजे अस्थिमज्जा.

भरीव दांड्यापेक्षा नळी का? दांडा वाकतो तेव्हा ताण पडतो तो बाहेरच्या कडांवर; मधल्या भागाला काम नसतं. मग तिथे वजन कशाला वाहायचं? हे कागदावर दाखवा. साध्या ए-फोर कागदाची तीन-चार सेंटीमीटर रुंद नळी वळा, जोडावर पूर्ण लांबीची चिकटपट्टी लावा. अशा तीन नळ्या त्रिकोणात उभ्या करून वर पुठ्ठा आणि त्यावर एकेक पुस्तक ठेवत जा. तोच कागद घड्या घालून पट्टी करून उभा केला तर एका पुस्तकानंच मान टाकतो. नळीची खालची कड वाकडीतिकडी असली तर नळीही लगेच कोसळते. म्हणून कड कापून सरळ करून घ्यायची. खऱ्या सांध्यात हाडाची टोकं पसरट असतात त्यामागेही भार सगळीकडे सारखा वाटला जावा हाच हिशेब आहे.

मगजाबद्दल मुलांना सहसा दोन ओळीच सांगितल्या जातात, आणि ते चुकतं. मगज दोन रंगांचा असतो. पिवळा म्हणजे मुख्यतः चरबी. लाल मगजात रक्तपेशी तयार होतात, मोठ्या माणसात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी. लहान बाळात जवळजवळ सगळ्या हाडांत लाल मगज असतो. मोठेपणी तो कमरेची हाडं, मणके, छातीचं हाड, बरगड्या, कवटी अशा ठिकाणी आणि मांडी-दंडाच्या वरच्या टोकांत उरतो. म्हणजे हाड नुसता खांब नाही, रक्ताचा कारखाना आहे.

हा मुद्दा नंदुरबारकडच्या शाळांत तर वगळूच नये. धडगाव, अक्कलकुवा, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. त्यात तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. हाडाला रक्त मिळेनासं झालं की भयंकर कळा येतात. सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतच्या बाळाचे हातपाय अचानक सुजतात. मोठ्या मुलाची पाठ, छाती, मांड्या दुखतात. खुब्याच्या हाडाचं डोकं झिजून पोर लंगडायला लागतं. थंडी, कमी पाणी, ताप आणि अंगमेहनत यांनी दुखणं उठतं. अशा पोराला 'वाढीचं दुखणं' म्हणून मालिश करत बसू नये. सॉल्युबिलिटी नावाची साधी रक्तचाचणी आधी होते आणि ती पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या चाचणीनं, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनं, खात्री करतात. कारण पहिल्या चाचणीत वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरलेली आहे. दुखणं उठलं की पाणी जास्त, ऊब, आणि दवाखाना. बर्फ लावू नका. रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

वाढणारं हाड

जन्मलेल्या बाळाला २७० ते ३०० हाडं असतात. नंतर जुळत जुळत २०६ होतात. बाळाची टाळू आजी तेलानं भरते ती जागा म्हणजे कवटीच्या हाडांमधली अजून न जुळलेली फट. पुढची मोठी टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते, मागची छोटी दोन महिन्यांत. ती आजीच्या तेलानं भरत नाही, हाडाच्या कडा वाढून भरते. पण तेल हलक्या हातानं लावलं तर नुकसानही नाही. जुलाबाच्या दिवसांत टाळू खोल गेली तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समजावं. तापात, बाळ शांत असतानाही फुगलेली वाटली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता ती तंगडीवरची टोपी घ्या. मुलांच्या लांब हाडांत टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला वाढ-पट्टी म्हणू. चकतीतल्या पेशी वाढत जातात आणि दांड्याच्या बाजूनं हाड होत जातं. उंची वाढते ती इथे. हाड मधून ताणलं जात नाही. मुलींत ही पट्टी साधारण १४ ते १६ व्या वर्षी, मुलांत १६ ते १८ च्या आसपास बंद होते, माणसागणिक थोडं मागेपुढे. ती बंद झाल्यावर उंचीची कुठलीही पावडर, कुठलंही लटकणं उपयोगाचं नाही. एक्स-रेत ही पट्टी काळ्या फटीसारखी दिसते, कारण कूर्चेत खनिज कमी. आणि पालक घाबरतात की हाडाला चीर गेली.

भिंतीवर करायचा एक सोपा खेळ: सकाळी उठल्या उठल्या उंची मोजा, संध्याकाळी खेळून आल्यावर परत मोजा. अर्धा ते एक सेंटीमीटर फरक पडतो. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबून पाणी सोडतात, रात्री पुन्हा फुगतात. मोजताना टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पुस्तक काटकोनात. हनुवटी वर केली की हिशेब बिघडतो. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको हा नियम इथेच सांगून टाकावा: ३० किलोच्या पोराला ३ किलो, पाण्याच्या बाटलीसकट.

धांड्यांचा सांगाडा

मॉडेल करायचं तर ७० सेंटीमीटर उंच करा, म्हणजे १४० सेंटीमीटरच्या मुलाच्या बरोबर निम्मं, आणि मुलाला स्वतःच्या अंगावर दुप्पट करून ताडून बघता येतं. मापं: कवटी ९, कणा २५, मांडी १८, नडगी १५, पाऊल ३ उंच, दंड १३, कोपर ते मनगट १०. धांडे तासभर पाण्यात भिजवा आणि हॅक्सॉच्या पात्यानं कापा. कोरडा धांडा विळ्यानं तोडला की उभा चिरतो.

कण्यासाठी ७ मिलिमीटर जाडीच्या २४ चकत्या. गर मऊ असतो, दाभणानं भोक सहज पडतं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या २ मिलिमीटर जाड चकत्या मधे घालत सुतळीत ओवायचं. शेवटी पुठ्ठ्याचा साडेतीन सेंटीमीटरचा त्रिकोण. वरून मोजत सात मानेचे, बारा बरगड्यांचे, पाच कमरेचे. तिघांना वेगळे रंग द्या. सुतळी फार ताणून गाठ मारली तर कणा काठीसारखा ताठ होतो, ढिली ठेवली तर लोळतो. थोडा बाक आला पाहिजे, कारण खरा कणा बाजूनं बघितला तर सरळ नसतोच.

बरगड्या धांड्याच्या सोललेल्या सालीच्या. सालपट ओलं असतानाच वाटीभोवती वळवून बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी बाक कायम होतो. वरच्या सात जोड्या छातीच्या हाडाला थेट आपापल्या कूर्चेनं जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या कूर्चेला, शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. कूर्चेच्या जागी ट्यूबच्या पट्ट्या लावा. छाती दाबली की आत जाते आणि परत येते. श्वास घ्यायला हेच लागतं.

सांध्यांत सगळ्यात शिकवण्यासारखा गुडघा. मांडी आणि नडगीचे धांडे मागच्या बाजूनं कापडी पट्टीनं घट्ट जोडा, म्हणजे पाय मागेच दुमडतो, पुढे नाही. हा बिजागरीचा सांधा. पुढून ट्यूबची पट्टी लावा आणि तिच्यावर चिंचोका चिकटवा. वाटी हाडाला खिळलेली नसते, स्नायूच्या दोरीत बसवलेली असते, हे चिंचोक्यावरून चटकन कळतं. खुबा आणि खांदा हे उखळीचे सांधे. खुब्याला सोड्याच्या बाटलीचं खोल झाकण आणि लाकडी मणी. खांद्याला काचेच्या बाटलीचा उथळ बिल्ला आणि तसाच मणी. दोन्ही हलवून बघा. खांदा चौफेर फिरतो पण झटक्यात निसटतो, खुबा कमी फिरतो पण सुटत नाही. माणसाचा खांदा जास्त वेळा का निखळतो याचं उत्तर त्या बिल्ल्यात आहे.

ताटात काय आणि उन्हात कधी

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठवलेलं असतं. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत हवाच, नाहीतर स्नायू आणि हृदय अडतात. खाण्यातून कमी आलं की शरीर हाडातून काढून घेतं. १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ८५० मिलिग्रॅम लागतं. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅमही नसतं, म्हणजे नुसत्या भाकरीवर भागत नाही. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, पण त्यानं थोडीच भर पडते. नागलीत (नाचणीत) १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, म्हणून नागलीची भाकरी, पापड हे जुन्या लोकांचं खाणं हाडांच्या हिशेबानं चोख होतं. दुधाच्या एका पेल्यात, २०० मिलिलिटर धरा, सुमारे २४०. तीळ अगदी भारी: दोन चमचे तिळात शंभराहून जास्त. शेवग्याचा पाला आपण बकऱ्यांना घालतो, तोही कॅल्शियमनं भरलेला.

केळीबद्दल बोलणं रावेर-यावलच्या बाजूला धाडसाचं आहे, तरी सांगतो. केळी चांगलीच, पण कॅल्शियम त्यात नावालाच असतं. केळीनं हाडं मजबूत होतात हे खरं नाही.

खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून आत यायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडी उन्हात बनवते. आपल्याकडे ऊन काय कमी, असं वाटतं. पण लागणारे किरण सूर्य वर आल्याशिवाय पुरेसे मिळत नाहीत. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असली पाहिजे. खानदेशात एप्रिलमध्ये ती साडेनऊच्या सुमारालाच आखूड होते, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं हातपाय उघडे ठेवून खेळलं की घरात यावं. पुढचं ऊन फक्त ऊन लागायच्या कामाचं. डिसेंबरात मात्र सावली जेमतेम आखूड होते ती दुपारी बारा-एकच्या दरम्यान. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हानं ऊब मिळते, ड जीवनसत्त्व जवळजवळ नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हानंही नाही.

आखाजीचा झोका आणि ओली फांदी

कडुनिंबाची वाळकी काडी कटकन तुटते. ओली काडी वाकते, एका बाजूनं फाटते, दुसऱ्या बाजूनं जोडलेलीच राहते. लहान मुलांची हाडं पुष्कळदा अशीच मोडतात, कारण त्यांत तंतूंचा चिवटपणा जास्त. त्यामुळे हात मोडला तरी पोर बोटं हलवतं, आणि घरचे म्हणतात 'हलतंय ना, मग मोडलं नाही'. हा समज चुकीचा आहे. एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ, सूज, किंवा पोर हात वापरायला तयार नाही, एवढं पुरे, एक्स-रे काढा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवसांत झोक्यावरून, जांभळीवरून, गच्चीवरून पडताना मूल हात टेकवतं. पाच ते सात वर्षांच्या वयात त्या झटक्यानं कोपराच्या जरा वर, दंडाच्या हाडाच्या पातळ भागात मोडण्याचं प्रमाण जास्त. तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. हात आहे त्याच स्थितीत ठेवा, सरळ करायला जाऊ नका. घडीच्या वर्तमानपत्राची किंवा पुठ्ठ्याची पट्टी मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा धरेल एवढी लांब घ्या, आत कापूस किंवा मऊ फडकं घाला, ओढणीनं बांधा. गाठीखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. बांगडी, कडं, अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. तेल लावून चोळू नका. नखावर दाब देऊन सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं तर रक्त पोचतंय. झालं नाही, किंवा बोटं गार, बधिर पडली, तर १०८ ला फोन.

हाड बसवणाऱ्याकडे जाऊन बांबूच्या कामट्यांची करकचून पट्टी बांधून घेणं हे आपल्याकडे अजून चालतं. धोका मोडण्यात तेवढा नसतो, जेवढा त्या आवळण्यात. आत सूज वाढते, पट्टी सैल होत नाही, स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. प्लास्टरमध्येही हे होऊ शकतं. म्हणून कुठेही बांधलेलं असो, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, बोटं हलकेच सरळ करताच पोर किंचाळलं, किंवा मुंग्या आल्या, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच उघडून घ्यायचं.

नीट बसवलेलं हाड मात्र स्वतःच कामाला लागतं. आधी मोडलेल्या जागी रक्ताची गुठळी, दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी कूर्चेचा मऊ जोड, मग त्यात खनिज भरून कडक गाठ. मुलाच्या हाताला साधारण तीन ते सहा आठवडे पुरतात. प्लास्टर काढल्यावर तिथे एक टेंगूळ हाताला लागतं आणि आई विचारते, हे वाकडं बसलं का? बहुतेक वेळा नाही. जुनं हाड खाणाऱ्या पेशी आणि नवं बांधणाऱ्या पेशी पुढचं वर्ष-दोन वर्षं त्या गाठीवर तासकाम करत राहतात, आणि पोर वाढीला असेल तर ती जागा पुढे एक्स-रेतही शोधावी लागते.